जंगम मालमत्तेची यादी

मायकेजा प्रूइट, वय वर्षं एकाहत्तर,
राहणार सॉल्ट फोर्क ओढ्याच्या वरच्या अंगाला,
पेन्शनसाठी कचेरीत आला तेव्हा
मी पिसाची लेखणी तासत बसलो होतो.
सतरा मैल चालत आलेला. बूट हातात.
उंबऱ्याबाहेर गवताला पाय पुसले, बूट घातले,
मग टोपी काढली.

नियम असा, की अर्जदाराच्या सचोटीची
परिसरातल्या पाळकाने लेखी ग्वाही द्यावी.
"परिसरात पाळक कोण?"
म्हातारा खोकला. "चोवीस वर्षं झाली, मीच."
न्यायाधीश हसले. तो नाही हसला.
"माझ्याबद्दल मी जे लिहीन," म्हणाला,
"ते तुमच्या उपयोगाचं नसेल."

मग यादी.
गाय एक, आटलेली.
घोडी एक, डाव्या डोळ्यानं आंधळी;
उपासनेच्या घराची वाट तिला पाठ.
नांगर एक, फाळ झिजून पानाएवढा.
कुऱ्हाड. दुसऱ्या कुऱ्हाडीचा नुसता दांडा.
बायबल. उत्पत्तीची पहिली पानं उंदरांनी नेली,
"त्यामुळं आमच्या घरी जग सुरू होतं
ते बागेतून हाकलल्यानंतर."
मका किती?
"ते खारींना विचार."
रोकड: चांदीचा डॉलर एक,
त्याचाही चतकोर कापून मिठापायी गेलेला.

जमीन मुलाच्या नावे. चतुःसीमा तरी सांगा.
पूर्वेला ओढा, उत्तरेला वीज पडलेला ओक,
पश्चिमेला पीचच्या झाडांची रांग.
"झाडं तुम्ही लावलेली?"
"नाही. आम्ही आलो तेव्हा फळांनी वाकली होती.
चुलीतली राखही पुरती विझली नव्हती.
ज्यांनी लावली त्यांचं नाव
मला कुणी उच्चारायला शिकवलं नाही,
आणि मीही विचारलं नाही."
मी फक्त 'पीच' लिहिलं.

लढाईचा तपशील:
सतराव्या वर्षी भरती, तीन हिवाळे.
कॅप्टनचं नाव आठवेना.
त्याच्या खेचराचं आठवलं: डॉर्कस.

"आणखी काही?"
तो बराच वेळ खाली बघत राहिला.
"एक जोडी बूट. लिही. पण माझे नव्हेत."

नदीचा उतार होता. काठाला बर्फाची साय.
लाल डगल्यातलं पोर अर्धं पाण्यात,
ओठावर मिसरूडही नाही.
गोळ्या सात जणांनी झाडलेल्या,
त्यातली कुणाची, ते तो एकच जाणे.
"माझे पाय चिंध्यांत होते, पोरा.
काढताना टाच अडकली,
तेव्हा त्याचं पाऊल मी पोटाशी धरलं,
आई लेकराचं धरते तसं.
मग ओढलं."

त्याच बुटांत त्यानं जंगल तोडलं, तासं धरली,
ओढ्यात उभं राहून एकशेसहा माणसं बुडवून वर काढली,
आणि केझायाला एका मार्चमध्ये
गोठलेल्या मातीखाली ठेवलं.
तळ पाच वेळा बदलले. टाचा, वाद्या,
पुढं वरचं कातडंसुद्धा.
मूळचं उरलंय ते एवढंच: डाव्या बुटाची जीभ.
"प्रवचनाला उभा राहिलो
की आधी तिच्याकडं बघतो."

"किंमत?" न्यायाधीशांनी विचारलं.
खिडकीबाहेर कुणीतरी डुकरं हाकत होतं.
माझ्या कागदावर रकाने दोनच, येणे आणि देणे.
लेखणी मधल्या रेघेवर थांबली
आणि तिथं शाईचा थेंब पडला.

पेन्शन मंजूर झाली चौदा महिन्यांनी,
महिना आठ डॉलर.
पैसे घ्यायला मुलगा आला.
बापाला अनवाणी पुरलं म्हणाला, त्याचाच हट्ट.
पावतीवर फुली केली, पैसे मोजले,
मग खांद्यावरची पिशवी उतरवून
माझ्या मेजावर ठेवली.

"यादी तुमच्याकडं आहे," म्हणाला,
"म्हणून."